कुकरची शिट्टी आणि हायडेलबर्गचे पोपट

"तिकडे असताना तुम्हाला कशाची आठवण यायची हो?" परदेशात राहून आलेल्या माणसाला हा प्रश्न हमखास विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात उत्तरही तयार असतं. गणपती, दिवाळीचा फराळ, हापूस आंबा! जाण्याआधी मलाही तसंच वाटलं होतं. पण मुलांनो, खरं सांगू? फराळ आम्ही तिकडे केला. गणपतीही बसवला. आठवण यायची ती भलत्याच गोष्टींची. बादलीची, तांब्याची, पंख्याची. आमच्या मनूला तर चक्क भिंतीवरच्या पालीची आठवण यायची!

2013 च्या ऑगस्टमध्ये आम्ही पुण्याहून जर्मनीतल्या हायडेलबर्गला गेलो. मनूच्या बाबांना तिथे तीन वर्षं संशोधन करायचं होतं. हायडेलबर्गचं विद्यापीठ 1386 साली सुरू झालं. आजच्या जर्मनीतलं ते सगळ्यांत जुनं विद्यापीठ. गाव तर असं, की कॅलेंडरवरचं चित्रच वाटावं. मधून नेकार नदी वाहते. तिच्यावर दगडी कमानींचा जुना पूल, पुलाच्या तोंडाशी दोन पांढरे बुरूज आणि मागे डोंगरावर लाल दगडाचा पडका किल्ला. किल्ल्याच्या तळघरात लाकडी पिंप आहे, तेही सुमारे दोन लाख वीस हजार लिटरचं! पुलाजवळ हातात आरसा धरलेलं ब्रॉन्झचं माकड आहे. मनूने पहिल्याच दिवशी त्याच्या पोकळ डोक्यात आपलं डोकं घालून फोटो काढून घेतला.

पहिले पंधरा दिवस असे हिंडण्यात गेले. मग रविवार आला. म्हणजे त्याआधीही दोन येऊन गेले होते, पण आमच्या लक्षात आला तो हा रविवार. घरातलं दूध संपलं होतं आणि दुकानं बंद! एखाददुसरं नाही, जवळजवळ सगळीच. रस्त्यावर चिटपाखरू नाही. भाजीवाला नाही, भंगारवाला नाही, कुणाचा रेडिओ नाही. रविवारी तिथे आवाज करायचा नाही, असा नियमच आहे. काचेच्या रिकाम्या बाटल्या कोपऱ्यावरच्या पेटीत टाकायच्या, तर त्याही रविवारी टाकायच्या नाहीत. खळ्ळकन आवाज होतो ना!

मला एरवी शांतता आवडते. पुण्यात सकाळी सहाला कुणी हॉर्न वाजवला की मी चिडायचे. पण त्या रविवारी मी खिडकीत उभी राहिले आणि कधी एकदा कुणीतरी 'एऽऽ भाजीऽऽ' म्हणून ओरडतंय, असं मला झालं. आमच्या भाजीवाल्या मावशी आठवल्या. भाजी घेऊन झाली की मी म्हणायची, "मावशी, वर थोडी कोथिंबीर टाका हो." त्या "परवडत नाही ताई" म्हणत म्हणत चार काड्या टाकायच्याच. कढीपत्ता तर न मागता. हायडेलबर्गच्या दुकानात कोथिंबीर मिळायची, नाही असं नाही. पण ती कुंडीत लावलेली आणि तिच्यावर किमतीची चिठ्ठी. तिथे "वर थोडी टाका" म्हणायचं कुणाला?

तिथल्या कुकरचीही तीच तऱ्हा. आमचा नेहमीचा कुकर सामानात मावला नाही, म्हणून तिथेच एक घेतला. चांगला जड, चकचकीत. पण मुका! शिट्टी नाहीच. झाकणावर एक छोटी दांडी असते. वाफ कोंडली की ती हळूहळू वर येते आणि तिच्यावरची रेघ दिसली की आच कमी करायची. म्हणजे वरणभात होईपर्यंत ओट्याशी उभं राहून त्या दांडीकडे बघत बसा!

माझी आई दर रविवारी पुण्याहून व्हिडिओवर बोलायची. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं. तिथे सकाळचे आठ, तर इथे दुपारचे साडेबारा. आई कुकर लावूनच बोलायला बसायची. आम्ही गप्पा मारत असू आणि मागून शिट्टी व्हायची. मनू बोटं मोजत बसायची आणि एकदम ओरडायची, "आजी, तीन झाल्या! गॅस बंद कर!" आई लगबगीने उठायची. एकदा आईने कुकर आधीच उतरवून ठेवला होता, तर मनू अख्खा वेळ फुगून बसली.

बादलीतांब्याचं दुःख मात्र फक्त माझं. शॉवरखाली अंघोळ होते, पण झाल्यासारखी वाटत नाही. शेवटचा तांब्या डोक्यावरून भडाभडा ओतल्याशिवाय अंघोळ संपली हे कळायचं कसं? आणि पंखा! तिथल्या बहुतेक घरांना छताचा पंखाच नसतो. थंड देशात कशाला हवा, असं तुम्ही म्हणाल. 2015 च्या 5 जुलैला बव्हेरियातल्या किट्झिंगेन गावात पारा 40.3 अंशांवर गेला. तोवर जर्मनीत कधी एवढा नोंदला गेला नव्हता. (2019 साली तो विक्रमही मोडला.) हायडेलबर्गमध्येही आम्ही शिजून निघालो. शेजाऱ्यांचं बघून दिवसभर खिडक्यांच्या झडपा बंद करायच्या आणि पहाटे सगळी दारंखिडक्या उघडून गार हवा आत घ्यायची, हे आम्ही शिकलो. उपाय चांगला आहे. पण रात्री अंथरुणावर पडून छताकडे बघितलं की तिथे काहीच फिरत नसायचं.

असो. माझ्या तक्रारी पुरे. खरी काळजी मनूची होती.

सप्टेंबरमध्ये मनू तिथल्या पहिलीत गेली. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हातात त्याच्या निम्म्या उंचीचा कागदी शंकू असतो. आत खाऊ, पेन्सिली, छोटी खेळणी. त्याला म्हणतात शुलट्यूटे. मनूनेही तो हौसेने मिरवला. आणि त्यानंतर ती शाळेत बोललीच नाही. घरी टकळी चालू, शाळेत मात्र तोंडाला कुलूप. एक आठवडा गेला, एक महिना गेला. रात्री निजताना मात्र म्हणायची, "आई, आपल्या ट्यूबलाइटमागे पाल होती ना, ती आता काय करत असेल?" मी हसायचे. मग दिवा मालवून बराच वेळ जागी राहायचे. हिला इथे आणून आपण चूक तर नाही ना केली?

वर्गाच्या बाईंना मी जाऊन भेटले. त्या म्हणाल्या, "ती रुसलेली नाही. ती ऐकते आहे. आपण थांबू या."

थांबलो. नोव्हेंबर उजाडला. झाडं उघडी झाली, आभाळ राखाडी झालं. पुढची गोष्ट मला बाईंनीच सांगितली. मधल्या सुट्टीत मुलं पटांगणात खेळत होती. मनू नेहमीसारखी भिंतीला टेकून उभी. तेवढ्यात डोक्यावरून किर्र किर्र करत एक थवा गेला. हिरवागार, लांब शेपट्यांचा, लाल चोचींचा. आणि मनू जिवाच्या आकांताने ओरडली, "पोपट! पोपट!"

हो, पोपट! आपल्याकडे पेरू कुरतडतात तेच. गळ्यात काळागुलाबी कंठ असलेले राघू. हे पक्षी युरोपातले नव्हेत. लोकांनी पिंजऱ्यात पाळायला ते नेले. काही निसटले, काही सोडून दिले गेले. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून ते ऱ्हाईन नदीच्या काठच्या शहरांमध्ये मोकळेपणी पिल्लं वाढवू लागले. कोलोनमध्ये आहेत, हायडेलबर्गमध्येही आहेत. हायडेलबर्गचं खोरं जर्मनीतल्या त्यातल्या त्यात उबदार भागात येतं, हेही त्यांच्या पथ्यावर पडलं. शास्त्रज्ञांनी युरोपातल्या अशा पोपटांची जनुकं तपासली, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांचं मूळ उत्तर भारतात आणि पाकिस्तानात निघालं! त्या बाजूला थंडी असतेच, म्हणून बर्फही त्यांना निभावतं.

सगळे काही त्यांच्यावर खूश नाहीत बरं का. घर ऊबदार राहावं म्हणून तिथे भिंतींना बाहेरून फोमचा जाड थर लावतात. पोपट तो चोचीने कोरतात आणि आत बिऱ्हाड करतात. घरमालक कपाळाला हात लावतो. आपल्या भाषेत सांगायचं तर घरमालकाचा अगदी पोपट होतो!

तर मनू ओरडली आणि मुलं भोवती गोळा झाली. जर्मन भाषेत पोपटाला पापागाय म्हणतात. पण मुलांना 'पोपट' शब्दाची भारी गंमत वाटली. "पोपट! पोपट!" करत सगळं पटांगण नाचलं. मग एकीने विचारलं, तुझ्या गावात आहेत का हे? मनूने मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये उत्तर दिलं. खूप आहेत, म्हणाली. आणि घरात पाल पण असते. पाल कशी चालते तेही तिने भिंतीवर हात टाकून करून दाखवलं. त्या दुपारी घरी येताना ती ट्राममध्ये एकदम गप्प होती. दमली होती बोलून बोलून!

2016 च्या ऑगस्टमध्ये आम्ही परत आलो. शिट्टीचा कुकर आला, बादली आली, डोक्यावर पंखा गरगरू लागला. मी सुखावले. आठ दिवसांनी मनूची भुणभुण सुरू झाली. "आई, रिकाम्या बाटल्यांचं मशीन कुठे आहे?" तिकडे दुकानात एक यंत्र असतं. प्लॅस्टिकची रिकामी बाटली त्यात टाकली की पंचवीस सेंट परत मिळतात. चार बाटल्या म्हणजे एक युरो, ही तिची हक्काची कमाई होती. मग तिला मिठाचे खडे लावलेली ब्रेत्सेल हवीशी झाली. ट्रामच्या थांब्यावर उभी असल्यासारखं तिने इथल्या बसथांब्यावर एका काकांना विचारलं, "बस किती वाजून किती मिनिटांनी येते?" काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. आणि एका रविवारी सकाळी खालून लाउडस्पीकर सुरू झाला, तेव्हा दोन्ही कानांवर हात ठेवून ती म्हणाली, "आज रविवार आहे ना? मग आवाज कसला?"

आईला हे काही पटेना. "सगळं तर आहे इथे. आता हिला काय कमी आहे?"

आमच्या गॅलरीसमोर उंबराचं झाड आहे. एका संध्याकाळी मनू कठड्याला टेकून टक लावून बघत होती. आईने विचारलं, "काय बघतेस गं एवढं?"

"आमच्याकडचे पोपट."

"तुमच्याकडचे कसे? इथलेच आहेत ते. मी लहानपणापासून बघत्येय."

"नाही आजी, हे हायडेलबर्गचे आहेत. आवाज ऐक ना!"

दोघींचा हा वाद अजून मिटलेला नाही. तेवढ्यात आत कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि गॅस बंद करायला मलाच पळावं लागलं.