छत्तीस की त्रेसष्ट?

खोकं इतकं जड होतं, की तिसऱ्या मजल्यावर आणून टेकवल्यावर कुरिअरवाल्या मुलाने आधी पाणी मागितलं. लिफ्ट बंद होती. आमच्या इमारतीची लिफ्ट चालू असणं हीच बातमी असते. खोक्यात होता आमच्या चिरंजीवांचा पहिलीचा अभ्यासक्रम, थेट अमेरिकेहून आलेला. किंमत अठ्ठावीस हजार रुपये, शिवाय सीमाशुल्क.

सासूबाईंनी चष्मा लावून पावती वाचली, घडी घालून परत ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, "एवढ्यात आमच्या तिघांची शिक्षणं झाली गं."

ही गोष्ट डिसेंबर २०२२ची. त्याच वर्षी जूनमध्ये ह्यांची बँकेतली बदली नाशिकहून हैदराबादला झाली आणि सहा वर्षांच्या लेकाला आम्ही घराजवळच्या एका इंग्रजी शाळेत पहिलीत घातलं. वर्गात इंग्रजी, मैदानावर तेलुगू, बसमध्ये हिंदी. घरी अखंड बडबडणारं पोर शाळेत तोंड उघडेना. बाईंना वाटलं, मुद्दाम करतो. त्याला बाकावर उभं केलं. मग तो चड्डीत शू करून घरी येऊ लागला. दिवाळीनंतर तर रोज सकाळी बूट घालताना उलटी. दोनदा भेटून आलो. 'सवय होईल' हे उत्तर मिळालं. तिसऱ्यांदा गेलो ते नाव काढायला.

"दुसरी शाळा का नाही पाहिली?" असं तुम्ही विचाराल. सगळ्यांनीच विचारलं. मधल्या वर्षात जागा मिळेना, आणि खरं सांगायचं तर त्याला पुन्हा त्याच परीक्षेला बसवायची माझी छाती होईना. माझं काम घरून चालत होतं, ह्यांचा पगार होता. ज्या घरात ही सोय नाही तिथे हा मार्ग सुचवणंही अन्यायाचं आहे, हे आधीच सांगून टाकते.

पण शिकवायचं काय? माझ्याजवळ वृत्तपत्रविद्येची पदविका आहे. तिच्या जोरावर मंत्र्याला प्रश्न विचारता येतात. सहा वर्षांच्या मुलाला 'हातचा' समजावता येतो असं नाही. मग मला येत होतं ते मी केलं. बातमीच्या मागे लागावं तशी अभ्यासक्रमांच्या मागे लागले. वहीत रकाने आखले: नाव, किंमत, माध्यम, रोजचे तास. घरी शिकवणाऱ्या चार-पाच कुटुंबांशी फोनवर बोलले. कुणी सांगितलं, काहीही शिकवू नका, मूल आपोआप शिकतं. कुणी सांगितलं, सकाळी नऊ ते बारा वेळापत्रक हवंच. दोघांचीही मुलं छान होती, त्यामुळे माझी पंचाईत आणखीच वाढली.

कायद्याचीही धास्ती होती. २००९चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना लागू होतो. मुलाला शाळेत घालणं हे त्याने पालकांचं कर्तव्य ठरवलं आहे. पण न घातल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही आणि घरी शिकवण्याविषयी वेगळी तरतूदही नाही. म्हणजे दार उघडंही नाही आणि कडीही नाही. मला आधार वाटला तो दुसऱ्याच कलमाचा: शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा इयत्तेत प्रवेश मिळण्याची तरतूद त्यात आहे. शिवाय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे 'एनआयओएस'ची, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीची मूलभूत शिक्षणाची पातळी आहेच. परतीची वाट आहे म्हटल्यावर मला झोप लागू लागली.

तरीही ते खोकं मी मागवलंच. का, हे आता कळतं. त्यात आईसाठी जाडजूड पुस्तिका होती आणि तिच्यात प्रत्येक दिवशी काय बोलायचं हेसुद्धा छापलेलं होतं. सासूबाई, माझी आई, शेजारपाजार या साऱ्यांना दाखवायला ती पुस्तिका हवी होती. मुलासाठी असं त्यात फार थोडं होतं.

पुस्तकं देखणी होती. पण पैशांच्या धड्यात सेंट, निकेल आणि डाइम. मापं इंचात. ऋतूंच्या पाठात बर्फाचा माणूस आणि झाडावरून गळणारी लाल-पिवळी पानं. पावसाळा कुठेच नाही. लेकाने विचारलं, "यांच्याकडे जून येत नाही का?" इंग्रजी वाचनाचा भाग उत्तम बांधलेला होता, पण तो इंग्रजी कानावर असलेल्या मुलासाठी. आमच्याकडे इंग्रजीचं पान उघडलं की शाळेतला तोच गप्प चेहरा परत यायचा. सहा आठवड्यांत खोकं कपाटावर गेलं. खाली राहिले ते दशकाच्या लाकडी दांड्या आणि एककाचे सुटे ठोकळे.

मग सासऱ्यांनी नाशिकहून येताना बालभारतीची पुस्तकं आणली. सगळी मिळून किंमत किती, हे विचारायची मला लाज वाटली. बालभारतीची आणि एनसीईआरटीचीही पुस्तकं संगणकावर फुकट उतरवून घेता येतात, हे माझ्या वहीतल्या रकान्यांत मी स्वतःच लिहिलेलं होतं! पण फुकट मिळणाऱ्या वस्तूवर आपला विश्वास बसत नाही.

सासऱ्यांचा आग्रह 'अ आ इ ई'पासून पाटीवर गिरवण्याचा. मी एका अनुभवी शिक्षिकेकडून वेगळं ऐकलं होतं: सगळी मुळाक्षरं आणि मग बाराखडी, असं करत बसू नका, चार-पाच अक्षरं आणि काना एकत्र घ्या, मूल त्याच आठवड्यात शब्द वाचेल. मराठी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, त्याचा फायदा का सोडायचा? आम्ही क, न, म, ल, र आणि काना घेतला. काका, मामा, नाक, कान, लाल, काम. चौथ्या दिवशी लेकाने पाटीवर लिहिलं, 'काका नाक लाल'. सर्दी झालेल्या माझ्या दिराचा फोटो समोर होता. सासरे इतके हसले, की त्यांनीच पुढची पाच अक्षरं निवडली. 'अ आ इ ई'चा विषय पुन्हा निघाला नाही. उन्हाळ्यापर्यंत तो मोठ्या अक्षरांतली गोष्टीची पुस्तकं अडखळत वाचू लागला आणि मीच किल्ला जिंकल्यासारखी वावरू लागले.

आणि गणितात आपटले.

२०२३चा पावसाळा. दुसरीचा अभ्यास. मी म्हणायची 'छत्तीस', तो लिहायचा ६३. 'त्रेसष्ट' म्हटलं की ३६. एकदा नव्हे, रोज. एनसीईआरटीचं 'आनंदमय गणित' मला आवडलं होतं, ठोकळे तर होतेच. ठोकळ्यांनी तो छत्तीसची रास बिनचूक मांडायचा: तीन दांड्या, सहा सुटे. लिहायची वेळ आली की उलटं. रात्री लेख लिहायला बसले की माझ्या मनात भलभलते विचार. त्याच्या मेंदूत काही दोष आहे का? शाळेतल्या त्या बाईंचं बरोबर होतं का? एका संध्याकाळी मी त्याच्यावर ओरडले. हात उगारला. तो बूट घालताना जसा पाहायचा तसाच माझ्याकडे पाहू लागला. उगारलेला हात खाली आणताना मला माझीच भीती वाटली. दुसऱ्या दिवशी गणित बंद केलं.

लिफ्ट पुन्हा बंद पडली होती, ती महिनाभर. आमच्या शेजारच्या अम्मा सत्तरीच्या, गुडघे दुखरे. त्या एकेक पायरी मोजत उतरत आणि सोबतीला आमचे चिरंजीव. मोजणी अर्थातच तेलुगूत. 'मुप्पै' म्हणजे तीस. 'मुप्पै ओकटि', तीस एक. 'मुप्पै रेंडु', तीस दोन. तळाच्या पायरीवर 'अरवै मूडु', साठ तीन. एका दुपारी तो धावत वर आला आणि खडूने फरशीवर लिहिलं, ६३. "आई, आपल्या जिन्याला साठ तीन पायऱ्या आहेत."

"साठ तीन नाही रे, त्रेसष्ट," असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि तशीच थांबले.

मला जून २०१९ आठवला. बालभारतीने दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' अशी वाचायची रीत दिली आणि केवढा गदारोळ उठला होता! विधानसभेत आडनावांवरून विनोद झाले. जुनी नावं काढलेली नव्हती, दोन्ही रीती पुस्तकात होत्या. पण ते पाहायला सवड कुणाला? गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, की आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, तिथे लहान मुलं गोंधळतात. दक्षिणेकडच्या भाषांत तसं नाही. त्या सांगत होत्या आणि आम्ही हसत होतो. आम्ही म्हणजे मीसुद्धा. 'पन्नास दोन पत्त्यांचा डाव' अशी एक खुसखुशीत चौकट मी तेव्हा लिहिली होती. संपादकांना ती फार आवडली होती.

आता कान देऊन ऐका: छ-त्तीस. सहा आधी ऐकू येतो. मग कानाला इमान राखून मुलाने सहा आधी लिहिला, तर त्यात दोष कुणाचा? एकोणतीसमध्ये तर ना दोन ऐकू येत, ना नऊ. आमचा मुलगा चुकत नव्हता, तो नीट ऐकत होता. त्याच्यासाठी मी चार अभ्यासक्रम चाळले होते. त्याच्या चुका मात्र लाल शाईपलीकडे पाहिल्या नव्हत्या.

मंगलाताईंना पत्र लिहावं असं त्या दिवशी वाटलं. पण त्या जुलै २०२३मध्ये गेल्या होत्या.

त्यानंतर दोन महिने आमच्या घरात 'तीस सहा' चालला. सासऱ्यांना तो पसंत नव्हता. त्यांनी उपाय काढला: जेवताना ते 'तीस सहा' म्हणायचे आणि नातवाने 'छत्तीस' म्हणायचं. दिवाळीपर्यंत दोन्ही भाषा त्याला येऊ लागल्या. अम्मांच्या जिन्यामुळे तिसरीही. तेलंगणात २०१८च्या कायद्याने शाळांत तेलुगू अनिवार्य आहे. तिची धास्ती घेऊन मी शिकवणी शोधत होते. ती शेजारी गुडघे चोळत बसली होती.

शेवटी आमचा अभ्यासक्रम असा झाला: वाचन बालभारतीचं, गणित एनसीईआरटीचं, तेलुगू जिन्यातलं, इंग्रजी मी रोज वाचून दाखवलेल्या एका गोष्टीपुरतं. बसून अभ्यास दीड तास. बाकी वेळ खेळ, भाजी निवडणं, आजोबांबरोबर बँकेत जाणं. वहीतल्या कुठल्याच रकान्यात हे बसलं नसतं. शेजारच्या घरातलं मूल वेगळं, म्हणून तिथेही ते जसंच्या तसं बसेल असं नाही.

जून २०२४मध्ये तो तिसरीत शाळेत गेला. शाळा दुसरी, छोटी. जायचं हे त्यानेच ठरवलं, कारण खाली खेळणारे दोघे तिथे जातात. पहिल्या आठवड्यात सकाळी बूट घालताना मी दाराआड उभी राहायचे. उलटी झाली नाही. इंग्रजी अजून कच्चं आहे.

गेल्या महिन्यात खोकं विकलं, निम्म्या किमतीला. घ्यायला आलेली मुलगी तिशीतली, डोळ्यांखाली काळं. तिने वही काढली. रकाने आखलेले होते. "हा अभ्यासक्रम चांगला आहे ना हो ताई?" तिने विचारलं. मी तिला चहा दिला आणि तिची लेक घरी कुठल्या भाषेत भांडते ते विचारलं. दीड तास बसली. तरी खोकं घेऊनच गेली.

लाकडी दांड्या मात्र चिरंजीवांनी दिल्या नाहीत. त्यांचा मोटारींसाठी पूल झाला आहे. मी पाचशे रुपये कमी केले.