मोढेरा येथील सूर्य आणि घरचा हिशेब

गुजराथेंतील मेहसाणा शहरापासून सुमारें पंचवीस किलोमीटरवर, पुष्पावती नदीच्या कांठीं, मोढेरा हें गांव वसलेलें आहे. येथील सूर्यमंदिर चौलुक्य राजा पहिला भीमदेव ह्याच्या कारकीर्दीतील. गाभाऱ्याच्या पश्चिमेकडील भिंतींत एक दगड उलटा बसलेला असून त्यावर विक्रम संवत् १०८३ हा आंकडा कोरलेला आहे. त्यावरून मंदिराचा काळ इ. स. १०२६-२७ धरितात. सभामंडपास ५२ खांब. पुढें पायऱ्यापायऱ्यांनीं उतरत गेलेलें विस्तीर्ण कुंड, आणि त्या पायऱ्यांतून जागोजाग लहान लहान देवळ्या. संपातदिनीं उगवत्या सूर्याचा पहिला किरण थेट गाभाऱ्यांत पोंचावा अशी मूळची योजना होती. आज तेथें मूर्ति नाहीं व पूजाहि होत नाहीं. तरी पहांटे त्या कुंडाच्या कांठीं बसलें असतां संध्यावंदन करणाऱ्या मनुष्यास कांहीं उणें वाटत नाहीं, एवढें अनुभवानें सांगतों.

परंतु आम्ही गेलों तें केवळ देवळासाठीं नव्हे. ९ ऑक्टोबर २०२२ रोजीं हें गांव अहोरात्र सौर विजेवर चालणारें देशांतील पहिलें गांव म्हणून जाहीर झालें. इकडे आमचा पुतण्या वर्षभर गच्चीवर पॅनेल बसविण्याविषयीं आग्रह धरून बसला होता, आणि त्यास लागणारी रक्कम वाड्याची पडवी दुरुस्त करण्यासाठीं बाजूस ठेविलेल्या पैशांतून जावयाची होती. धाकटे बंधु विरुद्ध होते. तेव्हां, ज्या गांवाचें एवढें नांव झालें तें डोळ्यांनीं पाहून यावें, असें आम्हीं ठरविलें.

गल्ल्यांतून हिंडतां कौलांवर, पत्र्यांवर, गच्च्यांवर निळसर काळीं पॅनेलें दिसतात. तेराशेंहून अधिक घरांवर प्रत्येकीं एक किलोवॅट. जवळच सुज्जनपुरा येथें १२ हेक्टर जमिनीवर सहा मेगावॅटचें केंद्र, आणि रात्रीसाठीं १५ मेगावॅट-तास वीज सांठविणाऱ्या बॅटऱ्या. दिवसा केंद्राची वीज, सांजवेळीं बॅटरीची, अशी व्यवस्था. विजेच्या बिलांत शेंकडा ६० पासून १०० पर्यंत बचत होते असें सरकारचें म्हणणें आहे, व ज्या दोनचार घरीं आम्ही पाणी प्यालों तेथें कोणी तें खोडून काढिलें नाहीं.

मात्र ह्या सर्वांचा खर्च ८० कोटी ६६ लाख रुपये. तो केंद्र व राज्य सरकारांनीं निम्मानिम्मा सोसला. घरांच्या संख्येनें भागिलें तर एका घरामागें सहा लाखांवर रक्कम पडते! ह्यांत मोठें केंद्र व बॅटऱ्या आल्या, हें खरें. पण मर्म तेथेंच आहे. दिवसाचें ऊन स्वस्त आहे, रात्रीसाठीं तें सांठविणें महाग आहे. म्हणून मोढेऱ्याकडे पाहून आपल्या घरीं तशीच हौस करूं जाणाऱ्यानें आधीं थांबावें.

गृहस्थाचा हिशेब वेगळा. २०२४ सालीं सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेंत एका किलोवॅटला ३०,०००, दोहोंना ६०,००० व तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठरलें. आम्हांस तीन किलोवॅटची किंमत १,९०,००० सांगितली होती. अनुदान वजा जातां १,१२,००० राहतात. एक किलोवॅट सरासरीनें दिवसास चार युनिट देतो. पावसाळ्याची तूट सोडून महिना ३०० युनिट धरले आणि वाचलेला युनिट दहा रुपयांचा मानला, तर वर्षास ३६,००० रुपये. हीच रक्कम सात टक्क्यांनीं बँकेंत ठेविली असती तर आठ हजारहि हातीं येते ना!

हें गणित तेरा माणसांच्या एका चुलीचें. वापर वाढेल तसा युनिटचा दर चढतो, म्हणून एकत्र कुटुंबास लाभ अधिक. नवराबायको दोघेंच, महिना ८० युनिट, दर पांच रुपये, अशा घरीं एका किलोवॅटची ३५,००० रुपये भरपाई होण्यास सात वर्षें जातील; त्यांनीं घाई करूं नये.

दुसरी एक गोष्ट विक्रेते हळूच सांगतात. साध्या जोडणींत बाहेरची वीज गेली कीं ऊन कडकडीत असलें तरी इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या मनुष्याच्या जिवासाठीं ती योजना आहे, व ती योग्यच आहे. पण ‘लोडशेडिंगमध्यें घर उजळेल’ ह्या आशेनें पैसे घालणाऱ्याची निराशा होते. त्यासाठीं बॅटरी हवी, आणि बॅटरी पॅनेलाइतकी टिकत नाहीं. पॅनेलास पंचवीस वर्षांची हमी देतात; इन्व्हर्टर मात्र त्या अवधींत एकदां तरी बदलावा लागतो. स्थिर आकारहि बिलांतून जात नाहीं.

परत आल्यावर हें सर्व वहीवर मांडून बंधूंपुढें ठेविलें. त्यांनीं दोनदां बेरीज तपासली व मान हालविली. पडवी एक पावसाळा थांबेल असें ठरलें. बॅटरी नको, हेंहि ठरलें. अडलें तें आंब्यापाशीं. एका पॅनेलावर सावली आली तरी सबंध ओळीची वीज घटते, म्हणून दक्षिणेकडची फांदी तोडावी असें पुतण्या म्हणाला. ती फांदी आमच्या मातोश्रींच्या हातची, सबब वहिनींनीं साफ नकार दिला. पॅनेलें आतां गच्चीच्या पश्चिम अंगास बसावयाचीं आहेत. सकाळचे तासभर ऊन त्यांत जाईल.