ताईंनाही शिकू द्या

आज दुपारी वस्तीतल्या अंगणवाडीत बसले होते. ताई मुलांना चिंचोके मोजायला शिकवत होत्या आणि मधूनमधून मोबाइलवर ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी ॲपमध्ये माहिती भरत होत्या. एक लेकरू रडत आलं, तशी फोन बाजूला ठेवून त्यांनी त्याला मांडीवर घेतलं. वजनं, आहारवाटप, गरोदर बायांकडे गृहभेटी हे सगळं उरकून शिकवायला निवांतपणा मिळणार कधी?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालशिक्षण रुजवताना शिक्षिका घडवण्याचं कामही जिवापाड केलं. १९७५मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली, अंगणवाड्या गावोगावी पोहोचल्या. पण अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२मध्ये सांगावं लागलं. हे मनाला लागतं.

हक्कांसोबत ताईंना शिकण्याची संधीही हवी. प्रशिक्षण म्हणजे एका दिवसाची बैठक नव्हे. जाणत्या पर्यवेक्षिकेनं वर्गात शेजारी बसावं, सेविकांनी महिन्यातून एकदा एकत्र जमून अडचणींवर मोकळेपणानं बोलावं, आजारपणात हक्काची रजा मिळावी. थकलेल्या मनानं गाणी शिकवता येत नाहीत. मुलांचं भलं हवं असेल, तर आधी ताईंचा कागदपत्रांचा भार हलका करा आणि मोबदला वेळेवर द्या.