पाण्यावरची हद्द

आमच्या सावलीहून समुद्र कुठल्या कुठे! तरी हा ढिवराचा पोरगा मालवणच्या सागरी अभयारण्यावर का लिहितोय, असं मेसमध्ये एकानं विचारलंच.

कारण माझा रूम पार्टनर मालवणचा. सबमिशनच्या जर्नल्स बाजूला पडतात आणि आमचं भांडण सुरू होतं. १९८७ साली सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातला २९.१२ चौ. किमी पट्टा अभयारण्य झाला, त्यातला ३.१८ चौ. किमी गाभा. तिथे प्रवाळ आहेत, त्यांच्या आडोशाला माशांची पिल्लं वाढतात. ते वाचायलाच हवं, असं मी म्हणतो. पण त्याच किनाऱ्यावर रापण ओढणारी घरं आहेत, त्यांचा विरोध जुना आहे. पार्टनर चिडला की मालवणीवर येतो, "आमचीच होडी दिसता तुमका? भायरचो ट्रॉलर दिसना नाय?" यावर माझ्याकडे उत्तर नसतं.

आमच्याकडं काका तलावाच्या सोसायटीत आहेत. पावसाळ्यात रोहू-कटल्याचं बीज सोडतात आणि ते वाढेपर्यंत जाळं टाकत नाहीत. म्हणजे बंदी त्यांना नवी नाही. अभयारण्याचं सांगितलं तर म्हणाले, "बाबू, जंगलात दगड गाडून हद्द दाखोता येते. पान्यात काय गाडतीन?"

पेंचच्या तोतलाडोह जलाशयाचं उदाहरण आहेच. राष्ट्रीय उद्यानातलं पाणी, आणि त्यात मासे धरणारे विस्थापित आदिवासी. मध्य प्रदेश सरकारनं त्यांना ३०५ परवाने दिले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९७ साली न्यायालयानं परवाने राहू दिले, पण अटी घालून : फोटोचं ओळखपत्र, काठावर चूल पेटवायची नाही, रोज किती मासे धरले त्याची नोंद. (आपल्या हॉस्टेलच्या गेटवरचं रजिस्टर यापुढे काहीच नाही!) कडक आहे, पण माणसाला पाण्याबाहेर काढलं नाही. मला हे पटतं.

आता कायदा बघा. समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यायचा तर स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपायची तजवीज करावी, ही अट वन्यजीव कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीनं आली. मालवणनंतर चार वर्षांनी! आणि ती समुद्रापुरतीच, तलावाला नाही. जंगलातल्या तलावाला आधार २००६ च्या वनहक्क कायद्याचा. त्यात माशांवरचा सामूहिक हक्क लिहिलाय. पण महाराष्ट्रात ढिवर अनुसूचित जमातीत नाहीत, भटक्या जमातीत आहेत. म्हणून १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो.

आमच्या घरात आजोबांच्या नावाची एक पावती सापडली. साल वाळवीनं खाल्लंय. नियमांत मात्र वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा धरतात, फक्त तो दावेदाराचा स्वतःचा नको. आमच्या मोहल्ल्यात एक आजी आहे, तिला कोणी कुठं जाळं टाकायचं ते सगळं पाठ आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिच्यापाशी कागद-पेन घेऊन बसणार आहे. तिला ऐकू कमी येतं, तेव्हा दोन-तीन दिवस तरी लागतील.