विनिपेगचा तांबडा दिवा

२०१९ च्या जानेवारीअखेर कॅनडातील विनिपेग नगरी आमचा मुक्काम होता. तेथे मोटारींच्या बॉनेटखालून विजेची वायर लोंबताना पाहून प्रथम आम्हांस हसूच आले. रात्री ती प्लगला जोडून इंजिन ऊबदार ठेवतात.

एके पहाटे एका आजारी आजींस भेटण्यास निघालो. पारा उणे तिसाच्याही खाली. मोटार कण्हतच चालू झाली आणि समोर एक पिवळा, एक तांबडा दिवा उजळला. आमचे यजमान मूळचे बेळगावचे. ते म्हणाले, "फादर, पिवळ्याचं एवढं काही नाही. थंडीनं टायरमधली हवा आकसते. साडेपाच अंश उतरले की अंदाजे एक पौंड दाब कमी. हवा भरली की झालं. पण हा तांबडा तेलाचा."

तो विझेना. गोठत आलेले तेल यंत्राच्या अंगांत पोचत नव्हते. त्यांनी तत्काळ इंजिन बंद केले. पाहतो तो, वायर रात्रीच प्लगमधून निसटलेली!

ती पुन्हा जोडून तीन तास स्वयंपाकघरात बसलो; आमचा जीव मात्र आजींपाशी. पोचलो तेव्हा त्या जाग्या होत्या. म्हणाल्या, "वायर निघाली होती ना?"