पदराआडचा पंप

लग्नाच्या आदल्या रात्री आईने मुलीच्या बॅगेत, साड्यांच्या घडीखाली, एक लहानशी पिशवी सरकवली आणि हळूच बजावले, ‘‘हे तिकडे कुणाला दिसू देऊ नकोस हं!’’ पिशवीत दागिने नव्हते, पैसे नव्हते. मुठीत मावेल एवढा निळा पंप होता. दम्याचा.

1993 सालची ही गोष्ट. मुलगी नांदेडची, सासर हैदराबादचे. निजामाच्या अमदानीपासून तिथे स्थायिक झालेले मराठी कुटुंब. घरात मराठी, गल्लीत दख्खनी, बाजारात तेलुगू. माणसे भली होती, पत्रिका जुळली होती, हुंड्याची भाषा नव्हती. दम्याचे तेवढे कुणी विचारले नाही आणि कुणी सांगितलेही नाही. आपल्याकडे मुलीच्या चष्म्याचा नंबर सांगतात, दमा मात्र गाळतात!

सासरी पंप घ्यायची जागा एकच, न्हाणीघर. आत जायचे, कडी लावायची, नळ मोठा सोडायचा म्हणजे ‘फुस्स’ आवाज बाहेर जायला नको. दोन फवारे ओढायचे, तोंड पुसायचे आणि हसतमुखाने पोळ्या लाटायला बसायचे. नवऱ्याला तिसऱ्या महिन्यात कळले. पण आईला न सांगण्यातच त्याने शहाणपण मानले. रिकामा पंप टाकून नवा आणून देणे, एवढेच काम त्याने स्वतःकडे घेतले.

लपवायचे कारणही तसेच होते. पलीकडच्या वाड्यातल्या गृहस्थांना पंप लागला तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘‘संपलं आता! पंप म्हणजे शेवटची पायरी. एकदा सवय लागली की सुटत नाही.’’ शेजारीण तर ‘दमा दम के साथ जाता है’ म्हणून मोकळी झाली. मृग लागले की हैदराबादेत दम्यावर माशातून औषध द्यायची प्रथा आहे. जिवंत, बोटाएवढा मासा औषधासकट गिळायचा, आणि तोही ओळीने तीन वर्षे! त्यासाठी देशभरातून हजारो माणसे येतात, रांगेत ताटकळतात आणि ते चारचौघांत सांगतातही. त्या औषधाला शास्त्रीय पुरावा नाही. पंपाला आहे, पण तो लपून घ्यायचा!

खरे तर औषध श्वासातून घेण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. धोतऱ्याचा धूर ओढून दमा हलका करण्याची रीत आपल्याकडे जुनीच. ती 1802 च्या सुमारास मद्रासहून ब्रिटनला गेली आणि तिकडे दम्याच्या सिगारेटी निघाल्या. आजचा पंप मात्र एका मुलीच्या प्रश्नातून आला. अमेरिकेत रायकर लॅबोरेटरीज नावाची औषध कंपनी होती. तिचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या 13 वर्षांच्या मुलीला दमा होता. रबरी फुगा दाबून काचेच्या यंत्रातून औषध घेण्याला ती कंटाळली होती. केसांचा स्प्रे डब्यात मिळतो तसे माझे औषध का मिळत नाही, असे तिने 1955 मध्ये वडिलांना विचारले. पुढच्याच वर्षी तसा पंप बाजारात आला. त्यात सुरुवातीला जी औषधे होती ती हृदयालाही धडधडवत. श्वासनलिकांवर नेमके आणि जास्त वेळ काम करणारे साल्ब्युटामॉल ब्रिटनमध्ये डेव्हिड जॅक यांच्या चमूने शोधले आणि 1969 मध्ये ते वापरात आले. निळ्या पंपात असते ते हेच.

दम्यात तीन गोष्टी होतात. श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, नलिकांना आतून सूज येते आणि चिकट कफ साठतो. साल्ब्युटामॉल स्नायू सैल करते. पाचेक मिनिटांत छाती मोकळी होते, चार ते सहा तास बरे वाटते. पण सूज? सुजेला ते हातही लावत नाही. तिच्यासाठी दुसरा पंप असतो, अल्प प्रमाणात स्टेरॉइडचा. तो रोज, नेमाने, बरे वाटत असतानाही घ्यायचा आणि नंतर चूळ भरायची. त्याने लगेच काही जाणवत नाही, म्हणूनच तो पहिल्यांदा सुटतो. आणि जे घरात चोरून करायचे आहे ते रोज सकाळ-संध्याकाळ नेमाने कसे होणार? माहेरच्या डॉक्टरांनी तिला दोन्ही पंप दिले होते. सासरी आला तो एकटा निळा.

1998 ची दिवाळी. माळ्यावरची झाडलोट झाली, गाद्या झटकून झाल्या. रात्री अकराला तिला धाप लागली. न्हाणीघर, नळ, दोन फवारे. फरक पडेना. आणखी दोन, आणखी चार. फवारा येत होता, थंडगार जिभेला लागत होता आणि छाती मात्र मिटतच चालली होती. अशा पंपात साधारण 200 फवारे असतात. ते संपले तरी डब्यातला वायू उरतो, आवाज येतो, तुषारही येतो. औषध जेमतेम असते किंवा नसतेच. त्या काळच्या पंपांवर आकडा नसे. ज्याने मोजले नाही त्याला कळायचे कसे?

कडी तिने स्वतः काढली, एवढे नशीब. बाहेर सासूबाई उभ्या होत्या. सुनेचे ओठ निळे पडलेले, वाक्य पुरे होत नाही, हातात पंप. त्यांनी एक शब्दही विचारला नाही. मुलाला हाक मारली आणि अंगावरच्या साडीनिशी रिक्षात बसल्या.

नर्सिंग होममध्ये तोंडावर मास्क लावून ऑक्सिजन आणि त्याच औषधाची वाफ देण्यात आली. पहाटे ती बोलू लागली तेव्हा डॉक्टरांनी विचारले, ‘‘एक पंप किती दिवस पुरतो तुम्हाला?’’

‘‘महिनाभर,’’ ती म्हणाली. नवरा खाली बघत होता.

महिन्याला एक पंप म्हणजे दिवसाला सहा-सात फवारे. वर्षाला असे तीन किंवा अधिक पंप लागले तर दम्याच्या गंभीर झटक्याचा धोका वाढतो आणि बारापर्यंत गेले तर मृत्यूचाही, असे आजची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. 2019 पासून तर ती तत्त्वे मोठ्या माणसांना आणि बारा वर्षांपुढील मुलांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवूच नका, म्हणतात. त्याच्याबरोबर सुजेचे औषध हवेच. त्या डॉक्टरांनी 1998 मध्ये एवढेच म्हटले, ‘‘पाच वर्षं तुम्ही विस्तवावर नुसतं झाकण ठेवत होता.’’

तेव्हा सासूबाई पुढे सरसावल्या. ‘‘डॉक्टरसाहेब, एवढ्या कोवळ्या वयात तिला पंप कशाला? माझ्यासारखी साधी गोळी द्या की!’’ चुलीपुढे तीस वर्षे काढलेल्या सासूबाईंना खोकला आणि धाप होती. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून त्या स्वतःच गोळ्या आणत. बटव्यातून त्यांनी पाकीट काढले. डॉक्टरांनी ते उलटून वाचले आणि त्यांना हसू आवरेना.

गोळी साल्ब्युटामॉलचीच होती. चार मिलिग्रॅमची! पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम औषध असते. म्हणजे एका ‘साध्या’ गोळीत चाळीस फवाऱ्यांइतके. सासूबाई दिवसाला तीन घेत. पंपाचे औषध थेट श्वासनलिकांत उतरते म्हणून ते थोडके पुरते. गोळीचे पोटातून रक्तात, आणि रक्तातून सगळीकडे. सासूबाईंचे हात का कापतात, चहाची बशी का खडखडते, रात्री छाती का धडधडते, याचा उलगडा तिथे खाटेशेजारी झाला. वय झाले म्हणून सगळ्यांनी ते सोडून दिले होते.

घरी आल्यावर चार दिवस सासूबाई सुनेशी बोलल्या नाहीत. राग दम्याचा नव्हता, लपवल्याचा होता, आणि मुलावर तर अधिकच होता. पाचव्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, ‘‘रात्री-बेरात्री नळ सोडायचीस ते यासाठी होय! आणि मी आपली पाणी वाया घालवतेस म्हणून मनात बोल लावत होते.’’

नांदेडला निरोप गेला. आई घाबरत घाबरत आली, विहीणबाई काय म्हणतील या धास्तीने. सासूबाईंनी तिला बसवून घेतले, चहा दिला आणि मग जे ऐकवायचे ते ऐकवलेच. आईनेही ऐकून घेतले. दुसऱ्याच्या घरात मुलगी देताना तिने केले ते हजारो आया करतात. पण त्या रात्री मुलगी जाता जाता राहिली होती, हेही खरेच.

सासूबाईंनी पुढे तपासणी करून घेतली. गोळी सुटली, पंप आला. पण दाबणे आणि ओढणे एका वेळी त्यांना साधेना. औषध टाळ्यावरच बसायचे. तेव्हा पंप आणि तोंड यांच्यामध्ये जोडायची प्लॅस्टिकची नळकांडी, म्हणजे स्पेसर, आणली. त्यात फवारा मारायचा आणि सावकाश आत घ्यायचा. (स्पेसर परवडत नसेल तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीच्या बुडाला नेमके भोक पाडून पंप बसवला तरी मुलांना उपयोग होतो, हे दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी 1999 मध्ये दाखवून दिले.)

आता सासूबाईंनी ऐंशी ओलांडली आहे. पंप फ्रिजवरच्या टोपलीत असतात, किल्ल्यांच्या आणि विजेच्या बिलांच्या शेजारी, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर. सासूबाई देवापुढे दिवा लावून झाला की स्पेसर घेऊन बसतात, दीर्घ श्वास ओढतात, डोळे मिटतात आणि बोटांच्या पेरांवर दहापर्यंत मोजतात. मध्ये कुणी बोललेले त्यांना खपत नाही. सूनबाईंचा रोजचा पंप सकाळी दात घासण्याआधी होतो. हल्लीच्या निळ्या पंपाला आकडा असतो. तो बघायचे काम नातीकडे आहे. गेल्या दिवाळीत तो 164 होता. परवा तिने टोपलीतून पंप उचलला, पाहिले आणि मोठ्याने वाचले, ‘‘एकशे साठ!’’