अंग सैल सोडू नका

कुपवाड एमआयडीसीत मी लेथवर असतो. गरम बर मनगटावर उडाली तरी मशीन थांबवत नाही, पण सुई दिसली की आडवा. कारखान्याच्या तपासणीत रक्त काढताना घेरी यायची आणि पोरं हसायची, "एवढा धिप्पाड गडी, सुईला भितोय!" मग मी त्या दिवशी रजाच टाकू लागलो. दुरून दुरून पेशंट मिरजेला येतात. आम्हाला मिरज शेजारी असून मी दवाखान्याची पायरी चढत नव्हतो.

साखर तपासणं भाग पडलं तेव्हा बायकोनं मानसोपचारतज्ज्ञांकडं नेलं. वाटलं, गोळ्या देतील. मॅडमनी विचारलं, "घरात आणखी कुणाला घेरी येते?" वडिलांना यायची. ही भीती बऱ्याचदा घराण्यात चालते म्हणे.

कुत्र्याला किंवा उंचीला भिणाऱ्याची छाती धडधडते, पण तो सहसा बेशुद्ध पडत नाही. रक्ताच्या भीतीत रक्तदाब आधी चढतो आणि मग एकदम उतरतो, म्हणून घेरी येते. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली मांडलेली, अंग शिथिल ठेवून भीतीला टप्प्याटप्प्यानं सामोरं जायची पद्धत बाकीच्या भीतींना लागू पडते. माझ्यासारख्याला मात्र "सैल सोड रे" म्हणणारे सगळे उलटाच सल्ला देत होते. स्वीडनच्या लार्स-यॉरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात यावर उपाय बसवला: हात, पोट, मांड्या १०-१५ सेकंद घट्ट आवळायच्या, चेहरा तापला की सोडायचं, पण पार ढिलं पडायचं नाही. अर्ध्या मिनिटानं पुन्हा.

टप्पे इथंही होतेच. आधी सिरिंजचा फोटो, मग रिकामी सिरिंज हातात, मग दंडाला रबरी पट्टा. भीती उतरल्याशिवाय पुढचा टप्पा नाही. मला सुईपेक्षा स्पिरिटच्या बोळ्यानं छळलं. कोपराच्या खळीत तो गार लागला की कानात गुणगुण सुरू व्हायची. तेव्हा दुसरी मूठ आणि मांड्या आवळायच्या. सुईचा हात तेवढा मोकळा ठेवायचा. हे जमायला वेळ लागला.

शेवटी लॅबमध्ये बसून रक्त दिलं. साखर थोडी वाढलेलीच निघाली.

तुम्हालाही घेरी येत असेल तर सिस्टरांना आधी सांगा, सुरुवातीला झोपूनच रक्त द्या. कुणाकडं जावं कळत नसेल तर सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट लागतो, मराठीत बोलता येतं.